कॅन्ससचे मतदार याकोबतात्या

बहात्तर सालच्या विधानसभेला आमच्या गावात मतं मागायला आलेल्या उमेदवाराला याकोबतात्यांनी हातातला सायकलचा पंप खाली न ठेवता विचारलं, "तुमी हत्तीवाले का गाढववाले?"

उमेदवाराच्या गळ्यात झेंडूचा हार होता, मागे पंधरावीस माणसं होती. त्यानं हात जोडून आपलं चिन्ह सांगितलं. तात्या म्हणाले, "मग तुमचा-आमचा संबंध न्हाई. आपला मतदारसंघ कॅन्सस." आणि पुन्हा पंप मारायला लागले. उमेदवाराला वाटलं, कॅन्सस हे गाव श्रीगोंद्याकडे कुठंतरी असणार. जाता जाता कार्यकर्त्याला म्हणाला, तिकडं आपलं कोण आहे ते बघून ठेव.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं, कारण माझी भाड्याची खोली तात्यांच्या सायकलच्या दुकानाला लागून होती. पारनेर तालुक्यातल्या त्या गावात मी हायस्कूलला नव्यानं लागले होते. वय बावीस, बी.ए., इंग्रजी घेऊन. माझ्या नातींना वाटतं, आजी जन्मापासूनच शहाणी. त्या बावीस वर्षांच्या पोरीला त्यांनी पाहिलं असतं तर रस्ता ओलांडून पलीकडून गेल्या असत्या. चहा पितानासुद्धा मी करंगळी वर धरायची, आणि गावातल्या प्रत्येक माणसाला माझ्याकडून काहीतरी शिकण्यासारखं आहे, असं मला मनापासून वाटायचं.

याकोबतात्या नगरच्या मिशन दवाखान्यातले जुने ड्रायव्हर. बावीस वर्षं त्यांनी एकच जीप चालवली आणि जीपमध्ये डाव्या बाजूला एकच बाई बसली: सिस्टर रूथ. ही अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली नर्स. दोघं मिळून गावोगाव फिरायची. ती देवीची लस टोचायची, अडलेल्या बायका सोडवायची, आणि हे गाडीखाली झोपून काहीतरी दुरुस्त करायचे. अकोले तालुक्यातल्या घाटात एकदा जीप बंद पडली, तेव्हा एक बाळंतपण जीपच्या मागच्या बाकावर झालं होतं, आणि तात्या घाटाकडे तोंड करून दोन तास मोठमोठ्यानं भजन म्हणत उभे होते. सिस्टर मराठी बोलायची फर्डी, शिव्यांसकट. पण देवनागरी अक्षर काही तिच्या हाताला कधी वळलं नाही. साठी आली तशी ती मायदेशी परतली. तात्यांनी त्याच महिन्यात नोकरी सोडली, गावी येऊन चार सायकली घेतल्या आणि तासावर भाड्यानं द्यायला लागले.

दुकानात एक बाकडं होतं. तात्या त्याच्या उजव्या टोकाला बसायचे. डावीकडं कुणी बसलं, की त्याला तेलाचा डबा आणायला उठवायचे आणि उठला की बसू द्यायचे नाहीत. मी याला विक्षिप्तपणा म्हणत असे.

आणि तोंडात सदानकदा एकच, "कॅन्ससमधी असं चालत न्हाई." एसटी उशिरा आली, सरपंचाच्या मेव्हण्याच्या विहिरीवर सरकारी इंजिन बसलं, मारुतीच्या देवळापुढं कुणी पानाची पिंक टाकली, कॅन्ससमधी असं चालत न्हाई. तात्या स्वतः मुंबईच्या पुढं गेले नव्हते. मुंबईलाही एकदाच, सिस्टरला विमानात बसवायला.

दर दीड-दोन महिन्यांनी सिस्टरचं निळं पत्र यायचं, इंग्रजीत. ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मीच मागून घेतलं होतं. त्या पत्रांत ती तिकडचा गहू, तिकडचा वारा आणि मुख्य म्हणजे तिकडच्या निवडणुका कळवायची. तिकडे पक्ष मुख्यतः दोनच, एकाचं चिन्ह हत्ती, दुसऱ्याचं गाढव. तात्या ते ऐकायचे आणि संध्याकाळी दुकानासमोर खडीच्या कामावरून परतलेली माणसं टेकली, की त्यांना सांगायचे. तो दुष्काळाचा काळ. माणसं दिवसभर सरकारी कामावर दगड फोडायची. त्यांना ऐकायला काहीही चाललं असतं.

तात्या सांगायचे, तिकडं देशाचा अध्यक्ष, राज्याचा गव्हर्नर आणि जिल्ह्याचे हुद्देदार, सगळे एकाच दिवशी, एकाच ठिकाणी मत टाकून निवडतात. यावर म्हातारा रखमाजी फार वेळ विचार करून म्हणाला, "म्हंजे तीन निवडणुकांचं मटान एकाच दिशी? माणसानं खायचं कसं?" सगळ्यांना कॅन्ससच्या लोकांची दया आली.

मग तात्यांनी तो दिवस सांगितला: नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारानंतर येईल तो मंगळवार. पहिला मंगळवार असं सरळ का नाही म्हणत, हे कुणी विचारलं नाही. उलट इतका गुंतागुंतीचा दिवस आहे म्हणजे त्यांच्याकडेही पंचांग असणार, असं गावची भिक्षुकी करणाऱ्या जोशीकाकांनी समाधानानं सांगितलं.

खरी खळबळ झाली ती ऑगस्टच्या पत्रानं. सिस्टर रूथ स्वतःच निवडणुकीला उभी राहिली होती. घरी बसून जीव रमेना म्हणून, गाढव चिन्हाच्या पक्षाकडून, तिच्या जिल्ह्यातल्या जमिनींच्या खरेदीखतांची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागेसाठी. तात्यांनी संध्याकाळी याचं भाषांतर एका शब्दात केलं: तलाठी.

"तलाठी? मतावर?" रखमाजीनं विचारलं.

"मतावर. दर चार वरसांनी."

आमचे तलाठीभाऊसाहेब तिथंच उभे राहून सायकलीत हवा भरून घेत होते. सगळ्यांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. भाऊसाहेब हवा अर्धी सोडून निघाले. पुढचा आठवडाभर त्यांनी गावातल्या प्रत्येकाला आधी नमस्कार केला आणि एका म्हातारीला सात-बाराचा उतारा घरी नेऊन दिला. कॅन्ससच्या लोकशाहीचा आमच्या तालुक्याला झालेला तेवढाच फायदा.

त्या पत्रात शेवटी आणखी दोन ओळी होत्या, त्या मी स्पष्ट उच्चारात वाचल्या आणि स्पष्ट मराठीत सांगितल्या. सिस्टरनं लिहिलं होतं, पडले तर जानेवारीत नगरला येऊन दोन महिने राहीन. निवडून आले तर चार वर्षं खुर्ची सोडता येणार नाही, आणि त्यानंतर एवढा प्रवास या गुडघ्यांना झेपेलसं वाटत नाही.

तात्यांनी ती जागा मला पुन्हा वाचायला लावली. मला वाटलं, माझं वाचन आवडलं.

दुसऱ्या दिवसापासून याकोबतात्या हत्तीवाले झाले.

नुसते झाले नाहीत, प्रचाराला लागले. चर्चला नेमानं जाणारा माणूस येईल-जाईल त्याला सांगू लागला, "हत्ती म्हंजे कोन? गणपती. आन् गाढव म्हंजे? गाढव." सायकल भाड्यानं न्यायला येणाऱ्याला आधी हत्तीचं महत्त्व ऐकावं लागे. गव्हर्नर हत्तीचा, अध्यक्ष हत्तीचा आणि तलाठी तर हत्तीचाच पाहिजे. तलाठ्याच्या जागेवर त्यांचा विशेष भर असे. दुकानाच्या फळीवर त्यांनी खडूनं एक हत्ती काढला. त्याला सोंड दोन्हीकडं आहे असं वाटायचं, पण भक्तिभावाला तेवढं पुरतं. खडीवर जाणाऱ्या बायका सकाळी त्याच्यापुढं हात जोडायच्या.

वाचकहो, तुम्हांला एव्हाना सगळं कळलं असेल. मला कळलं नाही. मी बी.ए. होते.

मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, ज्या बाईबरोबर बावीस वर्षं काढली ती उभी आहे आणि तुम्ही तिच्याविरुद्ध? याला इंग्रजीत काय म्हणतात ठाऊक आहे? तात्या चेनला तेल घालत होते. मान वर न करता म्हणाले, "राजकारन हाय, मास्तरीणबाई. तुमाला न्हाई कळायचं." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

ऑक्टोबरात सिस्टरनं तिकडच्या वर्तमानपत्राचं एक पान पाठवलं. त्यावर नमुन्याची मतपत्रिका छापलेली होती, वर अध्यक्ष आणि तळाला सिस्टर रूथ, मधे हातभर नावं. ते पान भिंतीला चिकटवल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं की त्या मंगळवारी आपणही मत टाकून बघू. कल्पना माझीच होती, पण नंतर जे झालं त्यामुळे मी कित्येक वर्षं ती रखमाजीची म्हणून सांगत असे.

तो मंगळवार दिवाळीत आला. शाळेला सुट्टी होती, पण मी घरी गेले नव्हते. घरी आईनं तीन मुलं बघायला बोलावून ठेवली होती. त्यापेक्षा कॅन्सस बरं. मार्चच्या निवडणुकीत माझी ड्यूटी लागली होती, मतदारांच्या बोटाला शाई लावायची. तेवढ्या अनुभवावर मी स्वतःला मुख्य निवडणूक अधिकारी नेमलं. इस्त्रीची साडी नेसून, शाळेची निळी शाई घेऊन, बाकड्याच्या उजव्या टोकाला बसले. डावं टोक तात्यांनी मला दिलं नाहीच. जीपमधला लशी ठेवायचा जुना पत्र्याचा डबा ही मतपेटी. कागदाच्या चिठ्ठीवर तीन ओळी: अध्यक्ष, गव्हर्नर, तलाठी. प्रत्येक ओळीपुढं हत्ती आणि गाढव, मी स्वतः काढलेले.

उन्हं कलायच्या आत खडीवरची माणसं आली, तशीच धुळीत माखलेली. बायकाही आल्या. पुढच्या वर्षी यातून धान्य मिळणार आहे अशी एक वदंता होती. मी ती खोडली नाही, मतदान वाढावं म्हणून. अधिकाऱ्यानं असं करू नये. जोशीकाकांनी चिठ्ठीतल्या हत्तीला आधी नमस्कार केला, मग खूण. रखमाजीनं विचारलं, गाढवाला नुसतं बी हात लावायचा न्हाई का? सरपंच आले नाहीत. ज्या निवडणुकीत आपण उभे नाही ती त्यांना निवडणूकच वाटत नसे. सगळ्यांत शेवटी तात्यांनी मत टाकलं. आत दुकानात गेले, चिठ्ठी घेऊन बराच वेळ पाठमोरे उभे राहिले आणि घडी घालून आले.

मतमोजणी मी एकटीनं केली, सगळ्यांना चार हात दूर उभं करून. हत्ती, हत्ती, हत्ती. तात्यांचा प्रचार आणि गणपती, दोन्ही मिळून गाढवाला कुठंच थारा मिळाला नाही.

मग एक चिठ्ठी निघाली. अध्यक्ष, हत्ती. गव्हर्नर, हत्ती. तलाठी, गाढव. ती खूण पेन्सिलीनं इतकी दाबून केली होती की कागद फाटायला आला होता. बाकी सगळ्या चिठ्ठ्यांवर माझी निळी शाई लागलेली. या एकीच्या कडेला काळ्या वंगणाचा अंगठा होता.

मी मान वर केली. तात्या एका सायकलचं चाक उगाच फिरवून बघत होते.

इतका वेळ न कळलेलं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं, आणि मी त्या इस्त्रीच्या साडीत आणखी लहान होत गेले. दोन-अडीच महिने हा माणूस गावाला सांगत होता, तिला पाडा. आणि स्वतःच्या हातात चिठ्ठी आली तेव्हा ते त्याच्याच्यानं झालं नाही. मी निकाल जाहीर केला: सिस्टर रूथ पडल्या, एक मत मिळालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक मत कुणाचं यावर दोन दिवस तर्क चालले आणि शेवटी संशय तलाठीभाऊसाहेबांवर गेला.

खरा निकाल यायला डिसेंबर उजाडला. पत्र नेहमीपेक्षा छोटं होतं. कॅन्ससनं अध्यक्षासाठी हत्तीला मत दिलं होतं आणि गव्हर्नरसाठी गाढवाला. तात्या यावर एरवी महिनाभर बोलले असते. पुढच्या ओळीत सिस्टर थोडक्या मतांनी निवडून आल्याचं होतं.

वाचून झाल्यावर मी पत्राची घडी घातली. तात्यांनी बोटांवर वर्षं मोजली. तिच्या खुर्चीची चार मोजून झाली, मग स्वतःचं वय मिळवून पाहिलं असावं, कारण मोजणं मधेच थांबलं.

"लिवा," ते म्हणाले. "अभिनंदन लिवा. आन् लिवा, आमच्या गावात तुमी पडला. खोटं न्हाई लिवायचं. पन एक मत पडलंय."

"कुणाचं, ते लिहू?"

"मत गुप्त असतंय, मास्तरीणबाई."

मी तेवढं लिहिलं. आणखी काही, असं विचारलं. तात्यांनी फळीवरचा हत्ती फडक्यानं पुसायला घेतला होता.

"लिवा, यंदा हितं लई दुष्काळ हाय. प्यायला पानी न्हाई. तुमाला दोनदा आंघोळ लागती. आला न्हाईत ते बरंच झालं."

मी मान हलवली आणि खाली वाकून लिहू लागले. ते वाक्य मी लिहिलं नाही. आयुष्यातला तो माझा पहिला गैरप्रकार. इंग्रजीत लिहिलं, चार वर्षं झाली की या. तोवर पाऊस पडलेला असेल. गुडघ्यांची काळजी करू नका. मुंबईपासून गाडी तात्याच चालवतील.

कागद त्यांच्यापुढं धरला. तात्यांनी हात फडक्याला पुसले आणि त्या न वाचता येणाऱ्या ओळींखाली मराठीत, एकेक अक्षर सुटं सुटं काढत, सही केली.