दादाची शुगर आणि वहिनीचं बोट

टेलरबाईंनी ठरवलं काय, तर एकदा आपलंही बोट टोचून बघावं. बास, एवढंच. चोरी नाही, दरोडा नाही. नवऱ्याच्या मशीनमध्ये बायकोच्या रक्ताचा एक थेंब. (संसारात बाईंनी रक्त काही कमी आटवलं नव्हतं, पण त्याची नोंद कुठल्या मशीनने घेतली नव्हती.)

पण मुळापासून सांगते.

बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागच्या खोलीत बाईंचं शिलाईमशीन, मध्ये एक पडदा. महिन्यापूर्वी घड्याळवाल्यांना जरा गरगरलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "शुगर काठावर आहे. मधुमेह अजून नाही, पण सांभाळा. जेवणानंतर दोन तासांनी तपासत जा."

काठावर! म्हणजे माणूस अजून पाण्यात पडलेलासुद्धा नाही. पण घरात असा गलबला, जणू बुडालेल्याला आत्ताच वर काढलंय. धाकटी नणंद एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते. ती त्याच संध्याकाळी शुगरचं मशीन घेऊन दारात हजर. "दादा, आधी साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे, मग टोचायचं. दर वेळी नवी टोचणी, नवी पट्टी." असं तिने पाव तास समजावलं. बाईंनी त्यातलं एक अक्षर ऐकलं नाही. त्यांचं लक्ष नणंदेच्या हाताकडे. भावाचं बोट धरलंय काय, फुंकर घालतेय काय, "दुखलं का रे दादा?" विचारतेय काय!

आता ऐका. दोन वर्षांमागे शाळेचे गणवेश शिवताना बाईंच्या बोटातून मशीनची सुई आरपार गेली होती. आरपार! बाई किंचाळल्या. पडद्यामागून घड्याळवाले आले, डोळ्यावरचं भिंगही न काढता, आणि म्हणाले, "कापडाला रक्त लागलं नाही ना?"

ते वाक्य बाईंनी जपून ठेवलं होतं. दागिना ठेवतात तसं.

आणि आता? एकला जेवण, तीनच्या ठोक्याला टोचणं. (घड्याळवालाच तो. दोन तास म्हणजे दोन तास.) समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच रस्ता ओलांडायचा, "शेठ, आज किती?" दुसऱ्या गावी राहणारी लेक साडेतीनला फोन करायची. बाईंनी उचलला की पहिलं वाक्य, "आई, बाबांना किती आली?"

"एकशे छप्पन. आणि माझी पाठ दुखतेय."

"छप्पन? कालच्यापेक्षा दोनने जास्त! बाबांना फोन दे."

झालं. पाठ राहिली पाठीमागे.

म्हणून बाईंनी ठरवलं. घड्याळवाले तीनला टोचून दुकानात गेले, की दहा मिनिटांनी आपण. बोटांना शिलाईने असे घट्टे पडलेले, की टोचणी शिरेचना. शेवटी करंगळी सापडली. तिने आयुष्यात कधी काम केलं नव्हतं. बाईंनी श्वास रोखला. निदान दोनशे तरी यावी.

ब्याण्णव.

दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्या दिवशी मुद्दाम भाताचा डोंगर खाल्ला, तरी पंच्याण्णव! शाळेत चौथीपर्यंत बाईंना कधी इतके मार्क पडले नव्हते, आणि पडले ते असे, नको तेव्हा.

रविवारी नणंद आली. घड्याळवाल्यांनी वही पुढे केली, तिने ती बाजूला सारली. मागे एकदा दादाने एकशे अडुसष्टचे एकशे अठ्ठावीस लिहिलेले तिने पकडले होते. "माणूस खोटं लिहितो दादा, मशीन नाही." तिने सरासरीचं बटण दाबलं आणि उडालीच. "एकशे तेवीस! दादा, जिंकलास! वहिनी, आज ह्याला दोन बटाटे जास्त वाढा."

बटाटे वाढताना बाईंच्या लक्षात आलं. मेलं ते मशीन, कुणाचं रक्त ते विचारत नाही. सगळं एकाच पोटात घालतं. रक्त बाईंचं, शाबासकी दादाची, आणि वर बटाटेसुद्धा त्यालाच! बाईंच्या अंगाचा असा तिळपापड झाला, की डाव पानावर आपटला.

मग आकडाच असा आणायचा, की घराने तोंडात बोट घालावं.

शनिवारी घड्याळवाले एकशे अठ्ठेचाळीस करून दुकानात गेले. बाईंनी साखरेचा डबा काढला आणि उभ्या उभ्या पाच बकाणे भरले. तळहात चिकट, बोटं चिकट, हनुवटीसुद्धा चिकट. आता दोन तास कोण थांबतंय? त्या काय घड्याळ होत्या? लगेच करंगळी टोचली.

तीनशे सत्तेचाळीस!

बाईंना आधी हसू फुटलं. मग हिशेब सुरू झाला. चाळीस गणवेश शिवायचे पडलेत, लेकीचं बाळंतपण व्हायचंय, आणि इकडे आपण काठावर नाही, थेट तळाला. रात्रभर त्या उरलेले गणवेशच मोजत होत्या. पण त्या मोजणीतही त्यांनी उद्याचं वाक्य घोटून ठेवलं. सगळ्यांसमोर म्हणायचं, "मला काय होतंय? तुम्ही त्यांच्याकडे बघा." म्हणजे सगळे आपल्याकडे बघतील.

रविवारी बाई तोंड उघडणार, तेवढ्यात नणंदेने मशीन उघडलं.

"दादा!! तीन वाजता एकशे अठ्ठेचाळीस, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी तीनशे सत्तेचाळीस? दहा मिनिटांत काय गिळलंस?"

"मी? मी दुकानात होतो!"

"आणि दुकानात काय ठेवलंयस?"

"घड्याळं!"

"मागच्या वेळेसारखं खोटं बोलू नकोस. आडवा हो आधी."

घड्याळवाले आडवे झाले. लेकीला फोन लागला, ती पलीकडून ओरडली, "बाबा, मी निघालेच!" न्हावी धावत आला, अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईकही मागोमाग आलं. नणंद म्हणाली, "वहिनी, बघत काय उभ्या? पाय चेपा त्याचे."

पाय चेपा! बाईंचा आकडा, आणि त्या आकड्यापायी नवऱ्याचे पाय बाईंनी चेपायचे!

"ती माझी आहे!" बाई कडाडल्या. "तीनशे सत्तेचाळीस माझी आहे!"

घड्याळवाल्यांचे डोळेच भरून आले. "माझ्यासाठी एवढं खोटं बोलतेस?"

"वहिनी, नवऱ्याला पाठीशी घालू नका," नणंद म्हणाली.

"आग लागो त्या पाठीला! माझी दुखते तेव्हा कुणी विचारत नाही. मी रोज टोचते, दहा मिनिटांनी. तुमचे ते एकशे तेवीस पण अर्धे माझेच होते, वन्सं!"

नणंदेने बाईंना सरळ नळाखाली नेलं. साबण, पाणी, कोरडा पंचा, नवी टोचणी. सगळे मशीनवर वाकले.

एक्याण्णव.

"काल टोचलं तेव्हा हाताला काय लागलं होतं वहिनी?"

बाईंनी छताकडे बघितलं. मग भिंतीकडे. मग पुटपुटल्या, "साखर."

पहिलं कोण हसलं सांगू? फोनवरची लेक. निघालेच म्हणणारी कुठे निघालीच नव्हती. न्हावी गिऱ्हाइकाची उरलेली दाढी करायला गेला, पण जाता जाता रस्ताभर सांगत गेला.

घड्याळवाले मात्र हसले नाहीत. त्यांनी बायकोचा हात भिंगाखाली धरला. बोटाच्या आरपार गेलेल्या सुईची खूण त्यांना पहिल्यांदा दिसली. "हे फार दुखलं असेल," ते हळूच म्हणाले. बाईंना वाटलं, चला, दोन वर्षं उशिरा का होईना, घड्याळ लागलं. मग ते विचारात पडले आणि म्हणाले, "उद्यापासून रोज तीनला आधी तुझं बोट टोचायचं. मग माझं."

बाई रात्रभर लाजत होत्या. (पंचविशीत जमलं नव्हतं ते आता जमलं.)

दुसऱ्या दिवशी तीनच्या ठोक्याला त्या साबणाने हात धुऊन, केस विंचरून बसल्या. घड्याळवाल्यांनी करंगळी हळुवार धरली. टोचली. फुंकरसुद्धा घातली. साडेतीन वाजायच्या आत त्यांनीच लेकीला फोन लावला.

"आईची एक्याण्णव आली गं! माझ्या दुकानात नाही का, भिंतीवर एक घड्याळ आहे, कधी चुकत नाही? बाकीची सगळी मी त्याच्यावरून लावून बघतो. तशी ही. रोज आधी हिचं रक्त घालायचं, नव्वदच्या आसपास आलं की समजायचं, मशीन बिघडलेलं नाही."

"वा बाबा! म्हणजे मशीन चांगलं आहे तर!"

"एकदम अस्सल!" घड्याळवाले म्हणाले, आणि त्यांनी मायेने पाठ थोपटली.

मशीनची.