आत्याच्या सोयीसाठी

ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी समाजाने काहीतरी केलं पाहिजे, याबाबत ज्यांना नीट ऐकू येतं त्यांच्यात आजवर कधीही मतभेद झालेले नाहीत. आमच्या इमारतीच्या समितीतही झाले नाहीत. तळमजल्यावरचं सामायिक सभागृह श्रवणस्नेही करण्याचा ठराव इतका एकमताने संमत झाला, की तो वाचून होण्याआधीच माना हलल्या होत्या. (चिटणीस या नात्याने मीच वाचत होतो, म्हणून खात्रीने सांगतो.)

कामासाठी सात जणांची उपसमिती नेमली. सातही जणांचे कान ठणठणीत होते, आणि हे मुद्दाम केलं होतं. कमी ऐकू येणारा माणूस चर्चेत घेतला की प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागतं, आणि मग कमी ऐकू येणाऱ्यांचंच काम रखडतं.

सर्वप्रथम पाहणी झाली. इमारतीत अशी माणसं किती, हे शोधण्यासाठी सदस्यांनी प्रत्येक घराची बेल वाजवली. ज्यांनी दार उघडलं त्यांना ऐकू येत होतं. ज्यांनी उघडलं नाही ते घरी नव्हते. अशा शास्त्रशुद्ध पद्धतीने आकडा हाती आला, तो एक. ती एक म्हणजे माझी सख्खी आत्या. ती माझ्याच घरात राहते, म्हणून निसटू शकली नाही.

आत्याने उभी हयात टेलिफोन खात्यात लोकांची बोलणी एकमेकांना जोडून देण्यात घालवली. आता तिच्याशी कुणी बोलत नाही. म्हणजे घरात आम्ही काळजी घेतो तिची, पण खुणांनी. जेवलीस का, गोळी घेतलीस का, पंखा लावू का, एवढं हातवाऱ्यात भागतं. बोलण्यासाठी ती संध्याकाळी सभागृहात जायची. खिडकीपाशी एक टेबल होतं. तिथे ती तीन मैत्रिणींबरोबर पत्ते खेळायची. खिडकीतला उजेड समोरच्यांच्या तोंडावर पडायचा, त्यामुळे तिला ओठ वाचता यायचे, आणि पत्त्यांत ज्याची पाळी तोच बोलतो. त्या टेबलावर तिला कुणी सांभाळून घेत नव्हतं. चक्क भांडायच्या तिच्याशी. त्या तासाभरासाठी ती बाकीचा दिवस रेटायची.

लाभार्थीचं मत घ्यायचं असतं, म्हणून उपसमितीने तिला बोलावलं.

"मला यंत्रबिंत्र काही नको," आत्या म्हणाली. "सभेत दिवे लावून ठेवा. एका वेळी एकानेच बोला. आणि बोलताना तोंडावरचा हात काढा."

उपाध्यक्षांनी तोंडावरचा हात ताबडतोब काढला. मग पुन्हा ठेवला, कारण 'बाई फटकळ आहे' हे त्यांना खजिनदारांच्या कानात सांगायचं होतं.

मागण्यांचा सहानुभूतिपूर्वक विचार करून तिन्ही फेटाळण्यात आल्या. दिवे आधीच होते, त्यामुळे ते नव्याने पुरवता येत नव्हते. एका वेळी एकाने बोलायचं, तर समितीच बरखास्त करावी लागली असती. आणि तोंडावरचा हात काढणे या कामाची फीत कशी कापणार, हे कुणालाच सुचेना.

म्हणून यंत्र आणलं. व्यासपीठावरच्या माइकमध्ये बोललेलं थेट सात हेडफोनांत पोचतं, असं ते उत्तम यंत्र आहे. त्यासाठी लोखंडी कपाट केलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली अध्यक्षांकडे दिली. कपाटाच्या मापाची आणि विजेची जागा सभागृहात एकच निघाली, ती खिडकीपाशी.

उद्घाटनाला आत्या पहिल्या रांगेत होती. तिच्या शेजारी मी. 'कमी ऐकू येणाऱ्यांच्या समस्या' या विषयावर अध्यक्ष पडद्यावर चित्रं दाखवणार होते, म्हणून दिवे मालवले. हेडफोन मळू नयेत म्हणून वाटले नाहीत. (एक अध्यक्षांनी फोटोपुरता गळ्यात घातला.) माइक त्यांनी हातानेच बाजूला सारला. "मला माइक लागत नाही. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो." गेला. पहिल्या रांगेचं काही बोलले नव्हते.

शेवटी त्या अंधारातच त्यांनी विचारलं, "कपाटासाठी खिडकीजवळचं टेबल काढायचं आहे. कुणाची हरकत?"

आत्याने मला कोपराने ढोसलं. "काय म्हणाला रे?"

मी तिच्या हातावर थोपटून मान हलवली. काही नाही, नंतर सांगतो, या अर्थाची आमच्या घरात ही ठरलेली खूण आहे.

तिच्या मैत्रिणी मागे चुळबुळत होत्या. तेवढ्यात कुणीतरी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या, म्हणून आत्यानेही वाजवल्या. तीच टाळ्या वाजवतेय म्हटल्यावर मैत्रिणींनी तोंड उघडलं नाही. लाभार्थीचा प्रतिसाद उत्साही असल्याची नोंद मी केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पत्ते घेऊन खाली गेली आणि लगेच परत आली.

"टेबल कुठाय?"

"अगं आत्या, तुझ्याच सोयीसाठी हलवलं."

"कधी ठरलं हे?"

"काल. तुझ्यासमोरच."

तिने माझ्या ओठांकडे बघून ते नीट वाचलं. "मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "काय म्हणाला म्हणून विचारलं होतं. तू काही नाही म्हणालास."

यावर मी पुष्कळ बोललो. पण तोवर खोलीत अंधार झाला होता, आणि दिवा लावायला मी काही उठलो नाही.

वार्षिक अहवाल समाधानकारक आहे. हेडफोन सातही नवेकोरे आहेत. सभागृहातून ऐकू न आल्याची एकही तक्रार नाही. आत्या आता खाली जातच नाही. मैत्रिणी सुरुवातीला दोनदा वर येऊन गेल्या, पण आमच्याकडे टीव्ही मोठ्याने चालू असतो.

हल्ली ती स्वयंपाकघरात एकटीच पत्ते मांडते. हे लिहिताना बेलच्या प्रसंगापाशी मला हसू आलं, तेव्हा तिने मान वर करून विचारलं, "काय रे?" मी तिला ठरलेली खूण केली. ती पुन्हा पत्त्यांत बघू लागली.

हसू तुम्हालाही एखाद्या ठिकाणी आलं असेल. तुमच्या घरातल्या कुणी, ज्याच्याशी जरा मोठ्याने बोलावं लागतं अशा कुणी, विचारलंही असेल की काय झालं हसायला.

"काही नाही," म्हणालात ना? उपसमितीत एक जागा रिकामी आहे. तुमचं नाव घालतो. कान ठणठणीत असावेत, एवढीच अट आहे.