गद्र्यांची काळी पाच

गद्रेसाहेब जानव्याला किल्ली बांधायचे. तिजोरीची नव्हे, हार्मोनियमची. दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या नव्या सोसायटीत चोराने वाट वाकडी करून यावं असं कुणाकडेच काही नव्हतं. तरी गद्र्यांची पेटी कायम कुलपात.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो आणि त्यांच्या कार्यक्रमांत झांज वाजवायचो, कारण त्याहून अवघड मला काही येत नाही. मिनिस्ट्रीत हा माणूस ‘चर्चा करावी’ असं लिहिल्याशिवाय फाइल पुढे सरकवत नसे. पेटीपुढे बसला की मात्र, “रिस्क घ्यायची, यार!” शब्द बायकोचे, म्हणजे नलिनीवहिनींचे, चाल ह्यांची, गळा पुन्हा वहिनींचा. एका गणपतीत दोघांनी चक्क आरती सात मात्रांत बसवली. लोकांच्या टाळ्या पार भरकटल्या, मंडळाच्या अध्यक्षांनी तर हात खिशात घातले. वहिनी शेवटपर्यंत शांतपणे गायल्या. “बिल्कुल जमलं,” घरी येताना गद्रे म्हणाले.

पुढच्या वर्षी वहिनींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांची पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर सा, बाईमाणसालाही चांगलीच उंच. “ती सुटली की मी गाणं सोडणार,” असं त्या आधीपासून म्हणायच्या, आणि त्या बोलतील तसं करणाऱ्यांतल्या. पण सहा महिन्यांत बाई पुन्हा काळी पाचमध्ये गायला लागल्या. आम्ही थक्क. त्या गणपतीसाठी दोघांनी अंगाई रचली, थेट वरच्या षड्जापासून सुरू होणारी.

“अहो, मूल दचकून उठेल,” मी म्हणालो.

“उठू दे. रिस्क घ्यायची!”

बाजारात तेव्हा रोज नवीन यंत्र यायचं. मी हौसेने इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला, तालमीला काळी पाचवर लावला, तर पेटी काही केल्या त्याच्याशी जुळेना.

“तुमचं यंत्र चढलंय,” गद्रे खेकसले. “न्या ते खाली.”

मलाही राग आला. दुसऱ्या दिवशी वहिनी भाजीला गेल्या तसा मी भांडायलाच वर गेलो. दार लोटलेलं होतं. पेटी उघडी, आतले सूर, म्हणजे वाजणाऱ्या पितळी जिभल्या, वर्तमानपत्रावर मांडलेले, आणि गद्रे बारीक कानशीने एकेक घासत बसले होते.

“थोडं थोडं करत सगळी पेटी अर्धा स्वर उतरवलीय,” ते मान खाली घालूनच म्हणाले. “तिला वाटतं, काळी पाचच आहे. तुम्ही बोललात तर ती गाणं सोडेल हो.”

भांडण कुठलं करतोय? मी खाली आलो आणि यंत्र माळ्यावर टाकलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी वहिनी दारात. “भावजी, तुमचा तानपुरा द्या.”

“बिघडलाय तो,” मी म्हणालो. मला खोटं बोलणंही धड जमत नाही.

“काढा बघू.”

त्यांनी यंत्र सुरू केलं, बटण फिरवून अर्धा स्वर खाली आणलं, नीट ऐकलं. मग कपाळावरची टिकली काढून बटणाशेजारच्या आकड्यावर चिकटवली.

“ह्यांना दिसायला नको. सहा महिने बिचारे घासतायत.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“गाते ना मी? मला नाही कळणार?”

“मग गाणं सोडलं नाहीत ते?”

“सोडणारच होते. पण ह्यांच्या चाली दुसरं कोण गाईल? आणि चाली थांबल्या तर हे घरीसुद्धा ‘चर्चा करावी’ लिहीत बसतील.”

मी यंत्रावरची माळ्याची धूळ पुसून दिली.

संध्याकाळी मंडपात तानपुरा बघून गद्र्यांचा चेहरा पांढराफटक पडला. वहिनींनी नवी टिकली लावली होती. त्यांनीच यंत्र सुरू केलं. गद्र्यांनी भीत भीत सा दाबला. तंतोतंत जुळला.

“दुरुस्त करून आणलंत वाटतं,” ते माझ्या कानाशी म्हणाले.

“हो.”

मग त्यांनी माइक ओढला आणि छाती काढून सांगितलं, “पट्टी काळी पाच.” वहिनींनी गंभीरपणे मान हलवली आणि वरचा षड्ज लावला. झांज माझ्या हातात तशीच राहिली.