लाकडी जमिनीला तीन हात

मोठ्या कारखान्यात यंत्रांना रंग देणाऱ्या खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला एका खोलीची जमीन रंगवायला किती वेळ लागावा? मधुकर पांढरीपांडे यांच्या मते दोन दिवस. तेही मधली दुपारची झोप धरून.

खोली त्यांच्या भोपाळच्या बाग सेवनियातल्या घराच्या वरच्या मजल्यावरची. तिथे सून क्षितिजा कथकचा वर्ग सुरू करणार होती. गेली चार वर्षं ती घुंगरांची पिशवी स्कूटरला अडकवून भोपाळभर हिंडत होती, कुणाच्या हॉलमध्ये तर कुणाच्या शाळेच्या व्हरांड्यात शिकवत होती. दगडी फरशीवर पाय आपटून आपटून तिशीतच तिचे गुडघे कुरकुरायला लागले. तेव्हा मधुकररावांनीच पुढाकार घेऊन खोलीला सागवानी जमीन करायची ठरवली. नारायण मिस्त्रीने फळ्या बसवल्या, घासून गुळगुळीत केल्या. पॉलिश तेवढं राहिलं. क्षितिजा आणि तिचा नवरा सत्यजित नागपूरला लग्नासाठी गेले होते. ते आले की तिला विचारून पॉलिश करू, असं ठरलं होतं.

पण विचारून केलं तर त्यात गंमत काय? मधुकररावांनी सुनेला चकित करायचा बेत केला. त्यांच्या बायको सिंधूताई म्हणाल्या, की नाचायचं तिला आहे, निदान एक फोन करा. त्यांनी सांगितलं, की आपण ज्या यंत्रांना रंग दिला ती अजून उन्हापावसात उभी आहेत, आणि त्यांना कुणी फोन केला नव्हता.

महाराणा प्रताप नगरातल्या दुकानदाराने तीन डबे लागतील म्हणून सांगितलं. आधी लाकडात मुरणारा रंग, मग लाकडाची छिद्रं बुजवणारा सीलर, मग वरचं चमकदार रोगण. यातलं काही तेलाचं मिळतं, काही पाण्याचं, तुम्हाला कुठलं हवं, असंही त्याने विचारलं. हे विचारणं मधुकररावांना अपमानास्पद वाटलं. रंग त्यांनी तेलाचा घेतला, कारण कारखान्यात तेलाचाच असे. रोगण पाण्याचं घेतलं, कारण घरात वास सुटला तर सिंधूताई जेवायला घालणार नाहीत. आणि चमक? सगळ्यात जास्त असेल ती द्या.

घरी येऊन त्यांनी रंगाचे तीन नमुने लावून पाहिले. शहाणा माणूस ते एखाद्या फळकुटावर लावतो. मधुकररावांनी थेट जमिनीवर लावले, दारात, जिथे येणाऱ्याची पहिली नजर जाईल. सिंधूताईंनी कमरेवर हात ठेवून पाहणी केली. पहिला त्यांना चहा सांडल्यासारखा वाटला, दुसरा करपलेल्या पाकासारखा. तिसऱ्यापुढे त्या जरा थांबल्या आणि यावर कुणाचा पाय भाजला का, असं विचारून खाली गेल्या. नमुने पुसायला जावं तर ते लाकडात मुरलेले! आता तिन्ही झाकायचे तर तिन्हींपेक्षा गडद रंग हवा. मधुकरराव पुन्हा दुकानात गेले आणि अक्रोडी रंगाचा डबा घेऊन आले. गुरुवारी दुपारपर्यंत सगळी जमीन इतकी गडद झाली, की खोलीत भर दिवसा दिवा लावावा लागला.

संध्याकाळी क्षितिजाचा फोन आला. तिच्या नागपूरच्या गुरू कमलताई तिच्याबरोबर भोपाळला येत होत्या. शनिवारी सकाळी त्यांच्या हातून नव्या जमिनीची पूजा करायची. म्हणजे हातात एकच दिवस. मधुकररावांनी नारायणला फोन लावला. तो म्हणाला, "बाबूजी, ठंड बहुत है. तेल का रंग है, तीन-चार दिन तो सूखने दो."

तीन-चार दिवस आणायचे कुठून? शुक्रवारी पहाटेपासून त्यांनी खोलीत दोन पंखे, एक हीटर आणि सिंधूताईंचा केस वाळवायचा ड्रायर लावला. बोट लावून पाहिलं, तर बोटाला रंग लागला, पण थोडाच. वरचं रोगण छिद्रं बुजवेलच असं म्हणून त्यांनी सीलरला रजा दिली. दुपारी रोगणाचे दोन हात मारले. संध्याकाळी जमीन अशी लखलखली, की सिंधूताईंनी तिच्यात वाकून कुंकू सारखं केलं. मधुकररावांना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

शनिवारी सकाळी सगळे जिन्याने वर आले. कमलताई बहात्तर वर्षांच्या, काटकुळ्या, ताठ. मधुकररावांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. क्षितिजाने तोंडावर हात धरला. ती आनंदाने अवाक झाली, असं त्यांनी धरून चाललं. कमलताईंनी चप्पल काढली, जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि उजवा पाय आत टाकला.

पाय टाकला तिथे राहिलाच नाही. तो सरकत पुढे गेला, मागोमाग कमलताई गेल्या. क्षितिजाने दंडाला धरलं, सत्यजितने कमरेला, आणि दोघांच्या आधाराने कमलताई अलगद खाली बसल्या. बहात्तर वर्षांचं खुब्याचं हाड! मधुकररावांच्या डोळ्यांपुढे ॲम्ब्युलन्स, प्लास्टर आणि सुनेचं आयुष्यभराचं मौन एकदमच उभं राहिलं.

"ताई, लागलं का?" क्षितिजा जवळजवळ रडतच होती.

"छे गं," कमलताई म्हणाल्या. त्यांचं लक्ष टाचेकडे होतं. टाच घासली होती तिथे रोगणाचा एक पदर उचकटला होता. त्यांनी तो चिमटीत धरून ओढला. दुधावरची साय निघावी तसा हातभर लांब पापुद्रा निघून आला. खाली ओल्या तेलावर पाण्याचं रोगण धरलंच नव्हतं.

मधुकररावांनी मान खाली घातली. "क्षितिजा, चूक माझी," ते म्हणाले. "तुला विचारायला हवं होतं. मी नवीन जमीन करून देईन."

"नवीन कशाला?" कमलताई दुसरा पापुद्रा ओढत म्हणाल्या. "अहो, नाचणाऱ्याच्या जमिनीला चमक नकोच असते. पायाला धरून ठेवणारी हवी. हे निघतंय हे नशीब समजा."

क्षितिजाने सासऱ्यांकडे पाहिलं आणि ती जी हसायला लागली, ती जमिनीवरच बसली. मधुकररावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. मग सगळेच मांडी घालून बसले आणि जमीन सोलायला लागले. सिंधूताई चहा घेऊन आल्या आणि त्याही बसल्या. साडेअकरापर्यंत खोली मोकळी झाली. सुक्या फडक्याने रंग पुसून घेतल्यावर खाली गडद, मंद, जराही न चमकणारं लाकूड राहिलं. कमलताईंनी उभं राहून तत्कार केला. पायांचा आवाज भरीव, गोल निघाला. क्षितिजाने डोळे मिटून तो ऐकला आणि म्हणाली, "बाबा, रंग मात्र मला आवडला."

जेवताना कमलताईंनी सांगितलं, की नागपूरला त्यांच्या वर्गात कुणीतरी असंच चकचकीत रोगण मारून ठेवलंय आणि तीन वर्षं झाली तरी ते कुणालाच काढता येत नाही. तुमच्याकडे किती सुरेख निघालं, यात काही खास पद्धत आहे का, एकदा येऊन आम्हालाही काढून द्याल का?

सिंधूताईंनी कढीच्या वाटीत तोंड घातलं. मधुकरराव घसा साफ करून म्हणाले, की आहे पद्धत, पण जरा वेळखाऊ आहे, विचार करून कळवतो. आणि त्यांनी आपले पाय हळूच मांडीखाली ओढून घेतले. अनवाणी रंग देताना दोन्ही पावलं घोट्यापर्यंत अक्रोडी झाली होती, आणि सकाळपासून दोनदा रॉकेलने घासूनही तो रंग तसूभर हलला नव्हता.