एक जूनचे गुरुजी

आमच्या गावात सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. माझा एक जून, माझ्या धाकट्या भावाचा एक जून, शेजारच्या तिघी बहिणींचा एक जून. गावचा पैलवान एक जूनचा आणि त्यानं ज्याला ज्याला चितपट केलं तेही एक जूनचेच.

यात ग्रहताऱ्यांची काही करामत नाही. शाळेत नाव घालताना आईबापांना पोराची जन्मतारीख ठाऊक नसायची आणि किसन गुरुजींना रजिस्टरातला रकाना रिकामा बघवत नसे. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा एक जून. अशा तारखा आमच्याकडे पुष्कळ गुरुजींनी वाटल्या आहेत. पण वाटलेल्या तारखा पाळणारे मी तरी एकटे किसन गुरुजीच पाहिले. दर एक जूनला सकाळी धुतलेलं धोतर, काळी टोपी आणि हातात बत्ताशांची पुडी अशी त्यांची फेरी निघायची. दारात उभं राहून नावानं हाक मारायची, हातावर एक बत्तासा ठेवायचा आणि म्हणायचं, "आणखी एक वरीस लेखी झालं बरं का!" मिशा फुटलेले बापे हातातली कामं टाकून बत्तासा घ्यायला यायचे.

'लेखी' हा गुरुजींचा श्वास होता. कुणी म्हणालं, यंदा पाऊस बरा होणार, की हे विचारणार, "लेखी हाय का?" शेजारच्या गंगारामनं त्यांना पोराच्या बारशाचं तोंडी आवतण दिलं. गुरुजी गेले नाहीत. शेवटी गंगारामनं चिठ्ठी पाठवली, तेव्हा गेले, पोटभर जेवले आणि निघताना 'जेवण पोचले' अशी सहीनिशी पावती देऊन आले. निजामाच्या राज्यात शिकलेले, त्यामुळे अर्जाला दरखास्त म्हणायचे. एकटेच राहायचे. लग्न का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या होत्या: मीठ, तिखट, डाळ. एका डब्यावर लिहिलं होतं, 'रिकामा'.

अशा माणसाच्या हाती माझं नशीब जाऊन पडलं, ते दुष्काळाच्या पुढच्या साली.

दुष्काळात आम्ही सगळेच खडी फोडायला जायचो. तिथे एकदा सुया टोचायला एक नर्सबाई आली. पांढरं पातळ, हातात घड्याळ. ती आली तसा मुकादम उठून उभा राहिला. आमचे बाबाही उठले, मीही उठले, आणि उभ्या उभ्याच मी ठरवलं की आपण हेच शिकायचं. ताडकळसच्या हायस्कुलातून मॅट्रिक पास झाले आणि औरंगाबादहून नर्सिंगच्या शाळेचा फॉर्म मागवला. बाबांनी सरळ सांगितलं, "फारम लागला तर जा, मी आडवा येत न्हाई. न्हाई लागला तर दिवाळीच्या आत मानवतचं स्थळ." मानवतचा मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. मुलगा वाईट नव्हता, पण त्याचं नाव निघालं की मी घागर घेऊन पाण्याला निघून जायची.

फॉर्म भरायचा म्हणजे गुरुजींकडेच. बाबा मला घेऊन गेले. "जयभीम गुरुजी, पोरीचा फारम हाय."

"जयभीम. हात धुतले का?"

साबणानं दोनदा हात धुवायला लावले. माझ्या केसांना तेल होतं, म्हणून मला फॉर्मपासून वीतभर लांब बसवलं. आधी पेन्सिलीनं भरायचं, मग वाचायचं, मग शाईनं गिरवायचं, अशी त्यांची रीत. वाचताना बाबांना खोकायचीही बंदी होती. शेवटची तारीख चार दिवसांवर आलेली, आणि गुरुजी एकेक अक्षर दाण्यासारखं निवडत होते. मला तर त्यांच्या हातातून पेन्सिल ओढून घ्यावीशी वाटत होती.

सहाव्या रकान्यापाशी पेन्सिल थांबली. गुरुजींनी मागचं पान उलटून नियम वाचला. पुन्हा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"एक जुलैला सतरा पुरे पायजेत," ते म्हणाले. "आन् तू कागदावर सोळाची हायस."

"असं कसं? तिला सतरा कवाच झाले!" बाबा म्हणाले.

"झाले ना. पर मी कमी लिवले."

मग कळलं. पोरांचं वय गुरुजी एखादं वर्ष कमी लावायचे, पुढे नोकरी लागली तर तेवढीच जास्त मिळावी म्हणून. मुलींचं मात्र दीड-दोन वर्षांनी कमी लावायचे. एखाद्या बापानं घाई केली की त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे: "पोर कागदावर तेराची हाय. मांडव घातलास तर फौजदार जेवायला येईल!" गावातल्या कितीतरी मुली त्या दीड वर्षाच्या जोरावर सातवीपर्यंत गेल्या. मीही त्याच जोरावर मॅट्रिकपर्यंत आले होते. आणि आता तेच दीड वर्ष माझ्या वाटेत आडवं पडलं होतं. मी तिथेच रडायला लागले. खोटं कशाला सांगू, मला गुरुजींचा भयंकर राग आला होता.

गुरुजी उठले. ट्रंकेतून एक वही काढली. वहीत प्रत्येक मुलीच्या नावापुढे दोन तारखा होत्या, एक शाळेची आणि एक खरी. "तुझ्या मायनं नाव घालताना सांगितलं व्हतं, पाटलाची म्हैस हिरीत पडली त्या दिशी सुमी झाली." त्यांनी बोट नाचवलं. "म्हशीचा पंचनामा झाला व्हता. मीच लिवलाय. लेखी हाय!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही तिघं परभणीला निघालो. गुरुजींच्या मांडीवर पिशवी, पिशवीत वही आणि पाटलाकडून मागून आणलेला पिवळा पडलेला पंचनामा. वाटेत गाडी पंक्चर झाली. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून मनातल्या मनात उरलेले दिवस मोजत होते. बाबा दर पाच मिनिटांनी विचारायचे, "व्हईल ना, गुरुजी?" आणि कधी नव्हे ते गुरुजी नुसतं "बघू" म्हणायचे.

शिक्षण खात्याच्या कचेरीत साहेबांनी कागद पाहिले.

"मुलीच्या जन्माची नोंद कुठाय?"

"मुलीची न्हाई साहेब. म्हशीची हाय."

साहेब हसले. कारकूनही हसला. गुरुजींनी शांतपणे वही उघडून पंचनाम्याशेजारी ठेवली. साहेबांनी दोन्ही वाचलं आणि त्यांचं हसू गेलं.

"म्हणजे खरी तारीख माहीत असून तुम्ही खोटी घातलीत?"

"व्हय साहेब. मी घातली."

"हे लिहून द्यावं लागेल. त्यावर कारवाई होईल. दोन वर्षांत रिटायर होणार तुम्ही. कळतंय ना?"

"लिवून द्यायलाच आलोय."

"पण का केलंत असं?"

गुरुजींनी टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना उघड्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब, माझी बहीण व्हती, कोंडी. तिचं लगीन लावलं तवा ती नऊची व्हती. मी चौथीत शिकायलो व्हतो. मांडवात उभा राहून वरडून सांगितलं, आवो, ही नऊचीच हाय, म्यां मोजलंय. सोयरीक जुळवणारा हसला. मला म्हनला, लेखी हाय का?" गुरुजींनी टोपीवरची धूळ झटकली. "लेखी कायच नव्हतं. बाळातपनात गेली, तेराव्या वर्सी. ते बी लेखी न्हाई कुठं."

बाबा खाली फरशीकडे बघत होते. साहेबांनी कोरा कागद गुरुजींपुढे सरकवला आणि स्वतःचं पेन दिलं. गुरुजींनी नाव, हुद्दा, गाव लिहिलं आणि खाली स्वच्छ अक्षरात चूक कबूल केली. एकही खाडाखोड नाही. संध्याकाळपर्यंत तारीख दुरुस्त केल्याचं साहेबांचं पत्र हाती आलं. त्या दिवशीचं पोस्ट बंद झालेलं, म्हणून रात्र स्टॅंडवर काढली आणि सकाळी फॉर्म रजिस्टर पोस्टानं रवाना केला. पोस्टाची पावती गुरुजींनी टोपीत ठेवली. "ही हरवली तर समदं हरवलं," म्हणाले, आणि गाव येईपर्यंत दर मैलाला टोपी चाचपत राहिले.

पुढचे वीस दिवस मी पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकली की चूल सोडून धावायची. मानवतकरांचा निरोप दोनदा येऊन गेला. एकविसाव्या दिवशी पत्र आलं. मला घेतलं होतं. मी पळत गुरुजींकडे गेले, तर त्यांच्याही हातात एक लिफाफा होता. त्यांची बदली झाली होती, जिंतूरच्या पलीकडे, डोंगरातल्या एका वाडीवर.

"गुरुजी, माझ्यामुळं..."

"लेखी हाय का तसं?" ते म्हणाले आणि माझं पत्र घेऊन वाचायला लागले. तीनदा वाचलं. नियमांचं मागचं पानसुद्धा.

मी औरंगाबादला गेले. पांढरं पातळ मिळालं, घड्याळ मात्र पुष्कळ उशिरा. पुढच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात होस्टेलवर एक पोस्टकार्ड आलं. अक्षर पाहताच ओळखलं.

'चि. सुमन हीस आशीर्वाद. तुझी तारीख आता बदलली आहे हे ध्यानात आहे. तरी आज लिहितो. इकडे शाळेत मुले थोडी आहेत. मी येण्याआधीच सर्वांच्या तारखा दुसऱ्या गुरुजींनी घातलेल्या आहेत. आज सकाळी बत्तासे आणले होते. दारे पुष्कळ आहेत, पण हाक कुणाला मारावी ते कळेना. पुडी तशीच आहे. अभ्यास करणे.'

मी कार्ड हातात घेऊन खाटेवर बसून राहिले. खोलीतल्या सगळ्या मुली फिरून आल्या तरी मी तशीच होते. मग उठून दोनदा साबणानं हात धुतले, आधी पेन्सिलीनं लिहिलं, वाचलं, मग शाईनं गिरवलं:

'गुरुजी, सरकारी कागदावर काही असो. माझा वाढदिवस एक जूनलाच आहे आणि जन्मभर राहील. माझा बत्तासा काढून ठेवा. हे मी लेखी देते.'

खाली पूर्ण सही केली.