‘हाव’ म्हणणारं माणूस

पचारे भाऊ कॉम्प्युटरवर आज्ञा टाइप करतात, ती मोठ्यानं वाचतात आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसतात. शेजारच्या माणसानं पडद्याकडे नीट पाहून ‘हाव’ म्हटल्याशिवाय ते एंटर दाबत नाहीत. पुण्याकडे हाव सुटते. आमच्या चंद्रपुरात हाव म्हणजे साधा हो. शेजारी कोणी नसेल तर भाऊंचं काम बंद. मग साहेब ओरडोत की वीज जावो.

मी ऊर्जानगरला राहते आणि वीज केंद्राच्या तांत्रिक नोंदींच्या विभागात काम करते. मला याद्या करायची सवय आहे. भाजीची यादी, प्रवासाच्या सामानाची यादी, आणि लग्नाला जाताना कोणत्या नातेवाइकाशी कोणता विषय काढायचा नाही याची यादी. काम समोर आलं की त्याचे तुकडे करायचे आणि एकेक खोडत सुटायचं, ही माझी रीत. अशा बाईच्या वाट्याला पचारे भाऊ आले.

झालं असं की आमचं एक जुनं युनिट कायमचं बंद झालं. त्याचा मिनी-कॉम्प्युटर मात्र एका खोलीत सुरू होता. मिनी म्हणायचं, पण आकार गोदरेजच्या कपाटाएवढा. त्या टर्बाइनच्या बेअरिंगची थरथर पहिल्या दिवसापासून कशी वाढत गेली, ते सगळं त्याच्या पोटात. आणि त्याच टर्बाइनचं जुळं भावंड शेजारच्या युनिटमध्ये अजून फिरत होतं. ते दुरुस्तीला उघडायच्या आधी इंजिनीअर लोकांना पहिल्याची हकिगत हवी होती. कारण त्या फिरत्या यंत्राच्या आजूबाजूला प्रत्येक पाळीत आमचीच माणसं वावरतात. महिनाअखेरीला खोली रिकामी करायची होती आणि कपाट भंगारात जायचं होतं. माहिती बाहेर काढायची जबाबदारी माझी.

माहिती बाहेर काढायला त्या यंत्रावर आधी एक टूलकिट बसवायला हवं होतं. म्हणजे फायली बांधणारे, सोडणारे, दुसऱ्या कॉम्प्युटरला पाठवणारे छोटे छोटे प्रोग्राम. आजकाल असली गोष्ट एका बटणावर बसते. पण इतक्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी तसं बटण कोणी करून ठेवलं नव्हतं. नुसता फायलींचा गठ्ठा होता. एकेक फाइल हातानं नेऊन जागेवर ठेवायची होती. ते यंत्र ओळखणारा एकच माणूस हाताशी होता, आणि तो निवृत्त होऊन कॉलनीच्या गेटबाहेर घर बांधून राहत होता.

भाऊ आले ते चपला खोलीबाहेर काढून. कपाटाच्या पत्र्यावर तळहात ठेवला, जरा वेळ थांबले आणि म्हणाले, “ताप नाई. चालते.”

“भाऊ, मी यादी केली आहे,” मी कागद पुढे केला. “आधी हे, मग हे, मग हे. दोन बैठकींत होईल.”

त्यांनी यादी वाचली. “मस्त केली बाई. आता इथी बसा.”

“मी कशाला?”

“मंग हाव कोण म्हणीन?”

ही रीत त्यांच्या वडिलांची. मूल तालुक्यातल्या एका गावात त्यांच्या घरी तळ्यावरची मासेमारी. वडील डोंग्याच्या टोकावर उभे राहून जाळं फेकत आणि भाऊ मागे बांबू धरून बसत. “बा फेकायच्या आधी इचारे, फेकू का? मी पाणी पाहाचो, त्याचा पाय पाहाचो, मंग हाव म्हणाचो. उभ्या माणसाले आपला पाय दिसत नाई ना. मांगच्याले दिसते. पण पाहूनच म्हणाचं. न पाह्यता म्हटलेला हाव लय वाईट.”

तर मी मागची झाले. भाऊ वाचत, “ही फाइल ह्या खान्यात.” मी पाहून म्हणे, हाव. “ह्या खान्याले हे टोपणनाव.” हाव. त्या सिस्टीमला लांबलचक पत्त्यांऐवजी टोपणनावं द्यावी लागतात, आणि नाव चुकलं तर सिस्टीम शांतपणे सांगते की असं कोणी इथे राहत नाही. भाऊंना तिची ही गोष्ट फार आवडे. “पाहा, चिडत नाई. फक्त सांगते.” दुसरी आवडती गोष्ट म्हणजे फाइल बदलली तरी ती जुनी प्रत पुसत नाही, नव्या प्रतीला पुढचा नंबर देते. “जुनं फेकत नाई हे. बाजूले ठेवते. आजकाल कोण ठेवते?”

मी मीटिंगला गेले की काम अडे. चहावाल्या मडावी बाईंनी एकदा अर्धा तास हाव म्हटलं आणि चहा गार झाला. युनियनच्या पुढाऱ्यांनी म्हटलं, पण प्रत्येक हावआधी त्यांना थोडक्यात दोन शब्द बोलायचे होते. एकदा आमचे साहेब स्वतः बसले. त्यांना घाई. भाऊंनी पहिली ओळ वाचायच्या आतच ते म्हणाले, “हाव, हाव, हाव. घ्या पुढच्या दोनचेही. झालं?”

भाऊंनी चष्मा काढला. “साहेब, अ‍ॅडव्हान्समधला हाव चालत नाई.”

साहेब मला बाहेर घेऊन गेले. “हा माणूस महिनाअखेरीपर्यंत काम पुरं करणार आहे का?”

“साहेब, तुम्ही न पाहता हाव म्हटलंत म्हणून आज थांबलं काम,” मी म्हटलं. त्यांनी ते कसं काय ऐकून घेतलं, मला माहीत नाही.

सगळे प्रोग्राम जागेवर बसले, आणि एकही चालेना. हाक मारली की यंत्र म्हणे, हा प्रोग्रामच नाही. मी यादी वरून खाली तपासली, सगळं बरोबर. भाऊंनी एक फाइल उघडून पाहिली आणि कपाळावर हात मारला. फायली इकडे आणताना त्या जशाच्या तशा न येता साध्या मजकुरासारख्या आल्या होत्या. यंत्रानं कागद समजून प्रत्येक प्रोग्रामच्या ओळी नीटनेटक्या करून टाकल्या होत्या. आणण्याआधी एक शब्द लिहायचा राहिला होता, तेवढाच.

मला रडू यायचं बाकी होतं. “आता कोणाची चूक म्हणायची ही?”

“मी वाचलं, तुम्ही हाव म्हटलं,” भाऊ म्हणाले. “दोघाईची. डोंगा उलटला तं दोघंई भिजतात. चला, पयल्या फाइलपासून.”

नोकरीत चुकांची वाटणी मी खूप पाहिली आहे. अशी निम्मी निम्मी, तीही न मागता, कोणी केलेली पाहिली नव्हती. दुसऱ्यांदा बसलो तेव्हा प्रत्येक ओळ मी त्यांच्याआधी वाचत होते.

त्यांच्या एकाच गोष्टीचा मला राग येई. रोज उशीर. घर हाकेच्या अंतरावर, तरी हा माणूस घामाघूम होऊन येई. विचारलं की म्हणत, “निघतो वो बाई. पण निघून निघत नाई.”

शेवटचा दिवस आला. प्रोग्राम आता चालत होते, पण माहिती पाठवण्याआधी एक काम उरलं होतं. यंत्र पूर्ण बंद करून परत सुरू केल्याशिवाय पाठवणारा प्रोग्राम जागा होणार नव्हता. इतकी जुनी डिस्क थांबली की पुन्हा फिरेल याची खात्री भाऊंनाही नव्हती. दुपारी माणसं कपाट उचलायला येणार होती. आणि भाऊंचा पत्ता नाही. फोन उचलेनात. मी स्कूटी काढली.

दार आतून लोटलेलं होतं. वाजवायला हात वर केला आणि आतून भाऊंचा आवाज आला, “गॅस बंद.”

मग शांतता. चपला दारापर्यंत आल्या, थांबल्या, परत आत गेल्या. नॉब उघडल्याचा, बंद केल्याचा आवाज. “गॅस बंद.” पुन्हा शांतता.

भाऊंच्या बायकोला, सुमनवहिनींना, जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या असताना मी या घरी चहाला आलेली होते. बाहेर पडताना भाऊ असंच काहीतरी म्हणत, आणि वहिनी पदर सारखा करत म्हणत, हाव. मी तेव्हा ते ऐकलंही होतं आणि ऐकलंही नव्हतं.

चपला पुन्हा दाराशी आल्या. मी बाहेरूनच म्हटलं, “हाव.”

दार उघडलं.  भाऊ म्हणाले, “तुमी पाह्यलं का?”

“नाई.”

“मंग काऊन म्हटलं?”

मी चपला काढल्या. स्वयंपाकघरात गेले, वाकून दोन्ही नॉब पाहिले, सिलिंडरचं बटण पाहिलं. ओट्यावर एक कप, एक ताटली उपडी घातलेली. “हाव भाऊ. बंद आहे.”

“नळ.”

“हाव.”

“मांगचं दार.”

कडी ओढून पाहिली. “हाव.”

त्यांनी कुलूप लावलं आणि एकदाही मागे न पाहता स्कूटीवर बसले.

यंत्र बंद झालं तेव्हा खोली इतकी गप्प झाली की पंखा ऐकू आला. “सुरू करू?” भाऊंनी विचारलं. मी वायर पाहिली, दिवे पाहिले, त्यांचा हात पाहिला. हाव म्हटलं. डिस्क कण्हली, अडली, फिरली. टूलकिटला हाक मारली आणि त्यानं पहिल्या हाकेला ओ दिली. दुपारी माणसं कपाट न्यायला आली तेव्हा बंद टर्बाइनची सगळी हकिगत पलीकडच्या कॉम्प्युटरवर पोचली होती. पुढे जुळ्याच्या दुरुस्तीत बेअरिंग वेळेवर बदललं गेलं. साहेबांनी माझं अभिनंदन केलं, मी भाऊंचं नाव सांगितलं, आणि साहेब म्हणाले, “हाव.” एकदाच.

आता कपाट नाही, खोलीत फायलींचे रॅक आहेत. ऑफिसला जाताना मी भाऊंच्या घराशी स्कूटी थांबवते. पहिले काही दिवस आत जाऊन पाहून यायची. मग एका सकाळी भाऊ फाटकातच उभे दिसले.

“बाई, उतरू नका. उशीर होते तुमाले.”

“मग पाहू कशी?”

त्यांनी बोट दाखवलं. शेगडी ओट्याच्या आतल्या कोपऱ्यातून थेट रस्त्याकडच्या खिडकीशी आणली होती. नवी नळी टाकून, पडदा काढून. स्कूटीवरून दोन्ही नॉब स्वच्छ दिसत होते.

“गॅस बंद,” भाऊ म्हणाले.