दुसरीच्या वर्गातलं कपाट

"सर, छकुलीचा आवाज आला की तुम्ही ऑफिसला आतून कडी का लावता?"

प्रश्न स्वरूपाचा नव्हता. नववीतल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, परिपाठाला अख्ख्या शाळेसमोर विचारून दाखव. इंदापूरला वक्तृत्वाची ढाल जिंकून आल्यापासून स्वरूपाला गप्प बसणं म्हणजे ताटातलं अन्न टाकण्यासारखं वाटायला लागलं होतं. तिने विचारला. शाळा हसली. हेडसर हसले नाहीत.

"लई तोंड चालतंय ना? मग मधल्या सुट्टीनंतर तूच बस तिच्याशेजारी. गुरुवारपर्यंत."

गुरुवारी शाळा समिती बसणार होती. छकुलीला शाळेत ठेवायचं की घरी बसवायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं, आणि काय ठरणार ते बावडा गावात सगळ्यांना आधीच माहीत होतं. स्वरूपाला मात्र तेव्हा स्वतःचंच दुःख झालं. पुण्याच्या स्पर्धेची तयारी नेमकी मधल्या सुट्टीनंतरच असायची.

छकुली दुसरीत होती. ती कुणाच्या डोळ्यात बघायची नाही, हाक मारली तर वळायची नाही. पण दुपारी असं काही किंचाळायची, की दहावीच्या वर्गात सरांच्या हातातला खडू मोडायचा. मग चावायची. वर्गशिक्षिका झुंबरबाईंच्या मनगटावर तिच्या दातांचे वळ होते. निवृत्तीला आलेल्या बाई ते बांगड्यांखाली झाकायच्या आणि कुणी विचारलं तर मांजर म्हणायच्या.

तालुक्याहून अधूनमधून येणाऱ्या विशेष शिक्षिकेने सांगून ठेवलं होतं, की पोरगी हट्टी नाही, स्वमग्न आहे. ती उगाच ओरडत नाही. ओरडण्याच्या आधी काय घडतं, तेवढं बघा. बाईंनी मान डोलावली होती. बघायला सवड कुणाला होती?

स्वरूपाने बघितलं, आणि तिला पहिल्याच दिवशी उत्तर सापडलं. शाळेवरून उसाचे ट्रॅक्टर जायचे. डबल ट्रॉली, वर माणूसभर उंचीचा साऊंड. गाणं वाजायला लागलं, की वर्गातलं लोखंडी कपाट थडथडायचं. छकुली उठून कपाटाला हात लावायची. कपाट होतं एका पायाने लुळं. ते अंगावर पडेल म्हणून बाई धावत जाऊन पोरीला मागे ओढायच्या, आणि मग किंकाळी. म्हणजे आवाज सहन होत नाही. हिशोब सरळ होता.

अडचण एवढीच होती, की त्यातला सगळ्यात मोठा साऊंड स्वरूपाच्या घरचा होता. तिचे वडील दीपक कारखान्याला ऊस वाहायचे. ट्रॅक्टरच्या कपाळावर लाल अक्षरांत 'स्वरूपा' लिहिलेलं, आणि साऊंडवर लेकीपेक्षा काकणभर जास्त जीव.

"शाळेपाशी बंद ठेवू? ऊस न्हेतोय का मयत?" दीपक म्हणाला.

स्वरूपा जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही, म्हणजे आईला दिसेल असं जेवली नाही. शेवटी दीपकने चहाच्या टपरीवर बाकीच्या ड्रायव्हरांना गोळा केलं आणि मान खाली घालून विनंती केली. गुरुवारपासून शाळेच्या हद्दीत साऊंड बंद. समितीला छकुली गप्प बसलेली दिसेल, आणि काम फत्ते. स्वरूपाने मनातल्या मनात आभाराचं भाषणसुद्धा तयार केलं.

गुरुवारी समिती आली आणि हेडसरांच्या ऑफिसात बसली. छकुलीची आई अनिता केळीच्या बागेतला रोज बुडवून व्हरांड्यात उभी होती. तिने पोरीला नवी रिबीन बांधली होती. "आज तरी नगं चावूस बाय," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मधली सुट्टी संपली. सवयीच्या वेळेला छकुली उठली आणि कपाटाला तळहात लावून उभी राहिली. ट्रॅक्टर आला. खिडकीतून ट्रॅक्टरचं डोकं दिसलं, पहिली ट्रॉली दिसली, दुसरी दिसली. कपाट मात्र हललं नाही. छकुलीने कान लावला. मग कपाटावर एक बुक्की मारली. मग दुसरी. दुसरा ट्रॅक्टर आला, तोही मुका. तेव्हा ती अशी किंचाळली, की आजवरचं सगळं कुजबुजणं वाटावं, आणि दार ओलांडून थेट रस्त्यावर पळाली. मागून तिसरा येत होता. त्याच्या कपाळावर 'स्वरूपा' लिहिलेलं होतं.

दीपकने ब्रेकवर उभं राहून ट्रॅक्टर थांबवला. छकुली पुढच्या चाकासमोर फतकल मारून बसली होती. अनिता धावली, झुंबरबाई धावल्या, कुणी हात लावला की ती आणखी किंचाळायची. मागे ट्रॅक्टरांची रांग लागली आणि हॉर्न वाजायला लागले. हेडसरांनी सवयीने ऑफिसला आतून कडी लावली. या वेळी समितीसकट.

स्वरूपाच्या डोळ्यांसमोर नुसता तो तळहात येत होता. कपाटावर ठेवलेला, थरथर शोधणारा. ट्रॅक्टर आणि किंकाळी यांच्यामध्ये रोज कोण उभं असायचं, ते तिला आत्ता दिसलं. झुंबरबाई.

"पप्पा, साऊंड लावा," ती म्हणाली.

"अगं, तूच तर—"

"लावा म्हणते ना."

दीपकने लावला. रस्ता थरथरला. छकुली गप्प झाली. उठली, ट्रॅक्टरच्या पत्र्याला हात लावून बघितला, आणि कुणाकडेही न बघता वर्गात जाऊन कपाटापाशी उभी राहिली. बाई सवयीने पुढे झाल्या.

"बाई, नका ओढू. मी धरते कपाट."

स्वरूपा पाठ लावून उभी राहिली. गाणं संपेस्तोवर दोघी तशाच. मग छकुली जागेवर जाऊन बसली आणि पाटीवर रेघा ओढायला लागली. झुंबरबाई मनगट चोळत बघत राहिल्या. "म्हंजे मी वढत हुते म्हणून चावत हुती व्हय," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

हे समितीने बघायला हवं होतं. पण समिती कडीच्या आत होती. तिथल्या खिडकीतून तिला एवढंच दिसलं होतं, की पोरगी चाकाखाली जाता जाता वाचली. कडी निघाली तेव्हा निकाल झाला होता. घरीच ठेवा. अगदीच पाठवायची, तर वर्गात तिच्याजवळ घरचं एक माणूस बसवा.

"मी बसले तर रोजाला कोण जाईल?" अनिताने विचारलं. मग ती गेली. छकुलीला हात धरलेला चालत नाही, म्हणून दप्तराचा एक पट्टा आईच्या हातात आणि दुसरा तिच्या. स्वरूपाने भाषण केलं नाही.

दिवेलागणीला दीपक कारखान्यावरच्या रांगेतला नंबर हुकल्याची कथा बायकोला सांगत होता. लेकीचं नाव घेत नव्हता. ते ट्रॅक्टरवर होतं, तेवढं बास होतं.

"मी उद्यापासनं मधल्या सुट्टीनंतर दुसरीत बसणार हाय," स्वरूपा म्हणाली.

आईचा हात पिठात थांबला. "नववीतनं दुसरीत? आन् पुण्याची स्पर्धा?"

"तितं बोलायला बाकीच्या हायत."

"घरचं माणूस मागितलंय त्यांनी," दीपक म्हणाला. "तू कुणाच्या घरची?"

"तुमच्याच ट्रॅक्टरपुढं बसली ना ती? मग. आन् हेडसर नको म्हणाले, तर परिपाठाला कडीचं परत विचारीन."

दीपकने भाकरी मोडली. "बरं, मी वाजवत जाईन. पण पाडव्याच्या आसपास कारखाना बंद झाला म्हंजे? तवा ट्रॅक्टर कुठनं आणशील?"

"तवा," स्वरूपा म्हणाली, "कपाट मी बडवीन."